पोळ्याचे ऋण, मारबतीची शुद्धी

(नागपूर येथे स्वयंसेवकांच्या कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



संघाच्या सहा उत्सवांत पोळा नाही. परंतु श्रावण अमावास्येला विदर्भातील घराघरांत जो संस्कार होतो, तो कोणत्याही बौद्धिकापेक्षा कमी मोलाचा नाही. आज त्याविषयी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी या नगरीत निघणाऱ्या मारबतीविषयी बोलावयाचे आहे. हे दोन दिवस एकमेकांपासून तोडून पाहिले, तर दोहोंचाही अर्थ हरवतो.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी शेतकरी बैलाचे खांदे शेकतो. जुवाखाली घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना हळद-लोणी चोळतो आणि उद्याच्या भोजनाचे रीतसर आवतण देतो. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपावयाचे नाही. तोरणाखालून पोळा फुटला, की तो दारी येतो. गृहिणी त्याचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी भरवते. वर्षभर ज्याला तुतारीने टोचले, त्याच्याच पायांवर आज पाणी! आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थासाठी पाच महायज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञ तो हाच. घेतलेले परत न करता जो एकटाच भोगतो त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. तो अध्याय ज्याने कधी वाचला नाही असा शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या आचरत आला आहे.

हा भाबडेपणा नव्हे. त्याच तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. त्यांचा आरंभ महादेवाच्या नावाने होतो. पण नापिकी, सावकार, राज्यकर्ते यांपैकी कोणीही त्यांतून सुटत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या या प्रदेशात बैलाची पूजा करणाऱ्या शहरी मनाने झडतीही ऐकली पाहिजे. बैलाचे ऋण मानावयाचे आणि त्याच्या धन्याचे विसरावयाचे, ही कसली कृतज्ञता?

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, बोजारा मिळवतात. त्याच दिवशी इतवारीच्या रस्त्यांवर काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इंग्रजांना साह्य केले म्हणून बाकाबाई भोसल्यांवरील जनक्षोभ काळ्या मारबतीत प्रकट झाला, असे लोकपरंपरा सांगते. इतिहासाचा अभ्यासक बाकाबाईंविषयी कदाचित अधिक सावध निवाडा देईल. तूर्त आपला विषय तो नव्हे. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. तिला लोक भक्तिभावाने नमस्कार करतात, लेकरांना तिच्या पायांशी नेतात. रोगराई, ईडापीडा घेऊन जा, अशी विनवणी करीत तिला वेशीबाहेर नेऊन दहन करतात. जिला जाळावयाचे तिलाच आधी वंदन! दोष काढताना द्वेष धरावयाचा नाही, ही दृष्टी येथे एकाही ग्रंथावाचून लोकांच्या अंगवळणी पडली आहे.

आता क्रम पाहा. आधी ऋणाचे स्मरण, मग दोषाचे विसर्जन. ज्याने आदल्या दिवशी वाकून पाय धुतले, त्यालाच दुसऱ्या दिवशी पुतळा जाळण्याचा अधिकार.

मारबतीसोबत बडगे निघतात. भ्रष्टाचार, महागाई, शेजारचे शत्रुराष्ट्र, न आवडणारा पुढारी. लोकांचा संताप रस्त्यावर येऊन हसतो, हे चांगलेच. पण इतक्या वर्षांत आपल्या स्वतःच्या घराचा बडगा आपण किती वेळा काढला? सुनेच्या माहेराकडून काय आले याचा हिशेब ठेवणारे घर, घरकाम करणाऱ्या बाईसाठी वेगळा ठेवलेला कप, सोयरीक जुळवताना आधी विचारली जाणारी जात. बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यता समूळ गेली पाहिजे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्या भाषणाला अर्धशतक लोटले. तो कप अद्याप काही घरांत आहे, आणि त्या घरांत आपलीही घरे आहेत, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

माता-भगिनींना एक विनंती. यंदा तान्ह्या पोळ्याला दारी येणाऱ्या मुलांत वस्तीतील सगळी मुले असतील, असे पाहा. बोजारा देण्यापूर्वी नंदी घेऊन आलेल्या त्या मुलांना घरात बोलवा, आपल्या मुलांच्या पंक्तीला बसवा, त्याच ताटवाट्यांत वाढा. आणि तो वेगळा कप असेलच, तर मारबत निघण्यापूर्वी घराबाहेर काढा.