भरलेली बाटली

कारखान्यांचे व्यवस्थापक आणि पहाटेचा स्वयंपाक उरकून आलेल्या माझ्या बहिणींनो,

आज खोपोलीच्या या परिषदेत आपण जमलो आहोत. कुणी नेरळ-कर्जतहून गाडीने आलात, कुणी रसायनी-पाताळगंगेकडून, कुणी ठाकूरवाडीची पायवाट उतरून.

मी बारा वर्षं कारखान्यात पॅकिंगला होते. घरून नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत यायची. सासूबाई विचारायच्या, "अगं, तहान लागत नाही का तुला?" लागायची. पण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, त्यासाठी सुपरवायझरला विचारायचं, तो घड्याळ बघणार, लाईनवर माल साचणार आणि माझ्यामुळे शेजारणीला बोलणी बसणार. पाळीच्या दिवसांत तर जीव नकोसा व्हायचा. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, झोप उडाली, घरी लेकरावर हात उगारला जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मला ते टार्गेटबरोबरच मिळत होतं.

म्हणून सांगते, बाईच्या ताणाचं कारण तिच्या स्वभावात शोधू नका. ठेकेदाराच्या हजेरीवरची बाई गप्प राहते, कारण उद्या गेटवरूनच परत पाठवतील ही धास्ती. दुसरी शिफ्ट रात्री सुटते. फाट्यापासून वाडीपर्यंत अंधार. घरी पोचल्यावर भांडी तशीच पडलेली.

आपण काही नवं मागत नाही. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय आणि बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं 1948च्या कारखाने अधिनियमातच सांगितली होती. त्याआधी, 1929 साली, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. 1928 साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. 2013च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली. आपल्या कारखान्यात त्या समितीवर कोण आहे, हे इथल्या किती जणींना ठाऊक आहे?

आज इथे लहान मुलांसाठी शेजारच्या खोलीत पाळणाघर केलं आहे, मुलांना निर्धास्त सोडा. पाणी दाराशीच ठेवलं आहे, पोटभर प्या.

व्यवस्थापक बंधूंना एकच विनंती. दुपारी या बायका स्वतः बोलणार आहेत. जेवण झालं की निघून जाऊ नका. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या तुमच्यासाठीच ठेवल्या आहेत; बसा, आणि शेवटची बाई बोलून होईपर्यंत ऐका.