औषध तेंच, प्रकृति निराळी

‘अमक्याला याच गोळ्यांनीं गुण आला, मग तुलाच कां येत नाहीं?’ हा प्रश्न नैराश्याच्या विकारानें ग्रासलेल्या माणसाला घरोघर ऐकावा लागतो. विचारणारीं माणसें मायेचींच असतात. पण रुग्णाच्या कानीं तो आरोपासारखा पडतो. स्वतःला दोष देत बसणें हा तर त्या विकाराचा स्वभावच. त्यांत औषधानें हात टेकले, म्हणजे तेंहि अपयश रुग्ण आपल्याच पदरीं बांधून घेतो. वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्याच्या मनाच्या दुबळेपणांत नसून यकृतांत असतो, आणि तो त्याला आईबापांकडून मिळालेला असतो.

नैराश्यावर इमिप्रामिन या औषधाचा होणारा उपयोग रोलंड कून या स्विस वैद्यानें १९५७ सालीं प्रसिद्ध केला. त्याच कुळांतील आणखी औषधें लौकरच प्रचारांत आलीं. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६७ सालीं, स्वीडनमधील फोल्के शोक्विस्ट व त्यांचे सहकारी यांनीं अशा रुग्णांच्या रक्तांतील औषधाचें प्रमाण मोजलें. सारखीच मात्रा घेणाऱ्या रुग्णांत कोणाच्या रक्तांत औषध नांवाला होतें, तर कोणाच्या रक्तांत त्याच्या कैक पट! १९६९ सालीं जुळ्या भावंडांवर प्रयोग झाला. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांच्या रक्तांतील प्रमाण जवळजवळ सारखें भरलें. दोन निराळ्या बीजांच्या जुळ्यांत मात्र तें बरेंच भिन्न निघालें. फरकाचें मूळ आनुवंशिक आहे हें त्यावरून उघड झालें.

पोटांत गेलेलें औषध शरीर परकें समजतें. त्याचें रूप पालटून तें बाहेर टाकण्याचें काम यकृतांतील कांहीं विकरें करतात, आणि प्रत्येक विकर कसें घडावें याचा आराखडा एकेका जनुकांत असतो. आराखडा बिघडलेला असेल तर विकर निकामी होतें. औषध शरीरांत सांचत जातें आणि साधी मात्राहि विषासारखी बाधूं लागते. रॉबर्ट स्मिथ या लंडनच्या संशोधकाला याचा अनुभव स्वतःच्या देहावर आला. १९७५ च्या सुमारास रक्तदाबावरील डेब्रिसोक्विन हें औषध सहकाऱ्यांबरोबर त्यानेंहि घेऊन पाहिलें. सहकाऱ्यांना विशेष कांहीं झालें नाहीं. स्मिथचा मात्र रक्तदाब एकदम कोसळला आणि त्याला उभें राहवेना. ज्या विकराच्या अभावीं हें घडलें त्याला आज सीवायपी २डी६ असें रुक्ष नांव आहे. नैराश्यावरील अनेक जुनीं औषधें मोडण्याचें कामहि तेंच विकर करतें.

उलट टोकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. नैराश्यानें आजारी असलेल्या एका स्वीडिश स्त्रीला नॉर्ट्रिप्टिलिनची नेहमीची मात्रा मुळींच लागू पडेना. नेहमीपेक्षां कितीतरी मोठी मात्रा द्यावी लागली. तिची हकीकत १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. अशा रुग्णाविषयीं सर्वांच्या मनांत पहिला संशय येतो तो गोळ्या चुकविल्याचा! पण १९९३ सालीं तिचीं जनुकें तपासलीं, तेव्हां त्या एका जनुकाची जादा प्रत तिच्यापाशीं असल्याचें दिसलें. गोळी पोटांत जात होती. पण तिचें कार्य होण्यापूर्वींच यकृत तिचा फडशा पाडीत होतें.

एस्सिटालोप्रॅम, सिटालोप्रॅम हीं आज पुष्कळांना दिलीं जाणारीं औषधें मुख्यतः सीवायपी २सी१९ या दुसऱ्या विकरावर अवलंबून असतात. ऑस्लो येथें एस्सिटालोप्रॅम घेणाऱ्या २,०८७ रुग्णांची माहिती तपासून २०१८ सालीं एक लेख प्रसिद्ध झाला. विकर निकामी असलेल्यांनीं आणि तें फार वेगानें चालणाऱ्यांनीं, दोघांनींहि, वर्षाच्या आंत औषध बदलण्याचें प्रमाण इतरांच्या सुमारें तिप्पट होतें. हें विकर निकामी असणारे लोक युरोपीयांत शंभरांत दोन-तीनच असतात. आपल्या देशांत त्यांचें प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक आहे. परदेशांत ठरलेली मात्रा येथें डोळे मिटून देणें म्हणूनच धोक्याचें. सिटालोप्रॅमची मात्रा अशा लोकांना दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक देऊं नये, अशी सूचना अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०११ सालींच दिली. कारण औषध फार सांचल्यास हृदयाची लय बिघडूं शकते.

इतकें झाल्यावर कोणीहि म्हणेल कीं, मग आधीं जनुकें तपासा आणि मगच औषध द्या. दुकानदारीच्या जाहिरातीहि हेंच सांगतात, पण त्या अंमळ घाईच्या आहेत. औषध रक्तांत किती राहील हें जनुक पुष्कळ अंशीं सांगतें; रक्तांत राहिलेल्या औषधानें मनावरचें मळभ दूर होईल कीं नाहीं, हें तें सांगूं शकत नाहीं. मेंदूंतील सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर एके काळीं मोठी भिस्त होती. ती फळाला आली नाहीं. अमेरिकेंत माजी सैनिकांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगांत, १,९०० हून अधिक रुग्णांपैकीं निम्म्यांच्या डॉक्टरांना तपासणीचा निकाल आधीं कळविला होता. जनुकांशीं न जुळणारीं औषधें त्यामुळें कमी दिलीं गेलीं. परंतु पूर्ण बरे होण्याच्या बाबतींत लाभ अल्पच दिसला, आणि सहा महिन्यांच्या अखेरीस तोहि उरला नाहीं, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. शिवाय जनुक उत्तम असूनहि फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन यांसारखें औषध चालू असल्यास तें २डी६ या विकराची वाट अडवितें, आणि जन्मतः धडधाकट यकृतहि दुबळ्यासारखें वागूं लागतें.

मग अशा रुग्णाच्या घरच्यांनीं काय करावें? कोणतें औषध, किती मात्रेंत, किती दिवस घेतलें, आणि त्यानें काय झालें, हें एका वहींत लिहून ठेवावें. दुसरीं कोणकोणतीं औषधें चालू आहेत तेंहि लिहावें, आणि ती वही डॉक्टरांपुढें ठेवावी. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला एखादें औषध फारच बाधलें असेल, तर तीहि गोष्ट सांगावी. गुण येत नाहीं म्हणून गोळ्या आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नयेत, आणि मावशीला मानवल्या म्हणून तिच्या उरलेल्या गोळ्या भाचीला देऊं नयेत. राहतां राहिला तो पहिला प्रश्न. ‘तुलाच कां येत नाहीं?’ हा प्रश्न रुग्णाला न विचारतां डॉक्टरांना विचारावा.