वस्तीतली पहिली शिकलेली लेक

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मला ‘शिक्षण आणि समाजसेवा’ या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय फार मोठा आहे, म्हणून मी एकाच मुलीबद्दल बोलते. ती तुमच्या ओळखीची आहे. घरातली, कधी कधी अख्ख्या वस्तीतली, कॉलेजात गेलेली ती पहिलीच. सकाळी चुडाव्याच्या स्टेशनावरून पूर्णेला नाहीतर नांदेडला जाते, संध्याकाळी उतरून घरी येते आणि भाकरी थापायला बसते. तिला विचारा, शिकून काय करणार? ती म्हणते, ‘समाजासाठी काहीतरी करायचंय.’

आपण टाळ्या वाजवतो. हे उत्तर तिच्या मनात आलं कुठून, हे मात्र विचारत नाही.

एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला ‘प्रेरणा’ या विषयावर बरंच शिकवलं होतं. पण या मुलीची प्रेरणा पुस्तकातून आलेली नसते. सहावी-सातवीत असल्यापासून ती वस्तीची बिनपगारी कारकून असते. रेशनकार्डावरची नावं तीच वाचते, म्हाताऱ्या मावशीचा निराधार योजनेचा अर्ज तीच भरते. बँकेची स्लिप, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं तिच्याकडे. वीटभट्टीवर जाताना बापाने घेतलेली उचल किती फिटली, मुकादम सांगतो तो आकडा खरा का खोटा, हे वहीत तीच मांडून बघते. खिडकीपलीकडचा माणूस आईवर खेकसतो तेव्हा आईचा पदर धरून तीच शेजारी उभी असते. तिला जे करायचंय ते दयेपोटी नाही. अपमान तिच्या घरातला आहे आणि तो कुठे, कुणाकडून होतो हे तिने पाहिलेलं आहे.

हे आजचंही नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. पुण्याला सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकून तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. लिहिता येऊ लागल्यावर तिने विषय कुठला घेतला? मांग-महारांचं दुःख. आडोसाही नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने मांडले.

नागपूरच्या जाईबाई चौधरींचं उदाहरण मला त्याहून जास्त शिकवतं. डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. पण ती अस्पृश्य आहे हे कळल्यावर वरच्या जातीच्या पालकांनी मुलं काढून घेतली आणि तिची नोकरी गेली. १९२२ साली तिने नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या नागपूरच्या अधिवेशनात तिला जेवणाच्या पंगतीत वेगळं वागवलं गेलं. बायांच्याच परिषदेत! आपण ‘भगिनीभाव’ म्हणतो तेव्हा ही पंगत आठवावी.

आता मला टोचणारी गोष्ट सांगते. मोठ्या घरातला मुलगा इंजिनिअर होतो, पुण्याला जातो, तिथून अमेरिकेला जातो. गावात पेढे वाटले जातात. ‘गावासाठी काय करणार?’ असं त्याला कुणी विचारतं का? मग आपल्या पोरीलाच पहिल्या वर्षापासून हा हिशेब का द्यावा लागतो? तिला कविता करायची असेल, गणितात रमायचं असेल, तर तिने समाजाचं काही बुडवलं का?

कुणी म्हणेल, शिकलेल्यांनी समाजाचं ऋण फेडावं असं बाबासाहेबच म्हणत होते. बरोबर आहे. १९५६ साली आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली. पण बाबासाहेबांनी आधी दिलं होतं. निजामाच्या राज्यातून सुटून दोनच वर्षं झालेल्या मराठवाड्यात त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. आपण या मुलीला काय दिलंय, ते आधी पाहू या.

परक्या मुलखातली एक गोष्ट इथे कामाची आहे. अमेरिकेत नवाहो नावाचा आदिवासी समाज आहे. १८६८ च्या तहात सरकारने त्यांना दर ३० मुलांमागे एक शिक्षक देण्याचं वचन दिलं. पुढे निवासी शाळा आल्या, त्यांत मायबोली बोललं की शिक्षा होई. शेवटी १९६८ साली त्या समाजाने आपलं स्वतःचं कॉलेज स्थापन केलं. या समाजातली पहिली स्त्री सर्जन लोरी आल्व्हर्ड स्टॅनफर्डला शिकून आपल्या माणसांत, गॅलप गावच्या इस्पितळात परतली. तिच्या ओढीचं कौतुक आहेच. पण तिथे इस्पितळ होतं, सर्जनची जागा होती, त्या जागेला पगार होता, हेही बघा. नुसत्या ओढीवर माणूस परतू शकत नाही.

आपल्याकडे परतलेल्या मुलीसाठी कुठली जागा आहे? तहसीलदार शासकीय ‘सेवेत’ असतो, त्याला पगार मिळतो. अंगणवाडीतली बाई ‘सेविका’, आशाताई ‘स्वयंसेविका’, त्यांना मानधन. शब्द तोच, पण बाईच्या नावाला लागला की स्वस्त होतो. यासाठीच तर अंगणवाडीच्या बायांनी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप केला. आणि नुसतं सरकारला काय बोलायचं? आपल्या संस्था-संघटनाही बी.ए.च्या पहिल्या वर्षाची चुणचुणीत पोरगी हेरतात, तिला थोड्याशा मानधनावर ‘कार्यकर्ती’ करतात, आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा राहून जाते. दहा वर्षांनी ती तिथेच असते. अहवाल लिहिणारी मात्र बाहेरून आलेली, माझ्यासारखी डिग्रीवाली. तिची तळमळ आपल्याला स्वस्तात पडते, म्हणून आपण ती वापरतो.

सवलती आहेत. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कितीतरी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. पण पाणी भरण्यात पहिला तास बुडतो, त्याची माफी कोण देणार? बारावी झाली की पाहुणे येतात, त्यांना दारातून परत कोण पाठवणार? ते आयांनी करायचं आहे, आणि ते अवघड आहे हे मला माहीत आहे.

बचत गटांना माझं एक मागणं आहे. वस्तीचे अर्ज, कागद, बँक ही कामं चार जणींनी वाटून घ्या, परीक्षेच्या महिन्यात तर नक्कीच. चौथीपर्यंत शिकलेल्या बायाही शिकवलं तर अर्ज भरू शकतात. मी भरताना पाहिल्या आहेत. आणि संघटनांनी ठरवावं, की शिकत्या मुलीला काम द्यायचं तर सुट्टीच्या दिवशी, आणि त्याचे पूर्ण पैसे द्यायचे.

जेवणानंतर आमच्या दोघी जणी इथेच बसणार आहेत. ज्यांच्या मुली बारावीला किंवा कॉलेजला आहेत त्यांनी शिष्यवृत्तीला लागणाऱ्या दाखल्यांची यादी घेऊन जा. ती यादी आम्हीच तुम्हाला वाचून दाखवू, त्यासाठी घरी जाऊन पोरीला उठवू नका.