खेळ तोच, तारीख वेगळी का?

 एकच व्हिडिओ गेम एका देशात आज मिळतो आणि दुसऱ्या देशात पाच-दहा महिन्यांनी, ही पद्धत आता मोडायला हवी, असं माझं मत आहे. एकेकाळी तिला कारण होतं. गेम तबकडीवर, डब्यातून यायचा. जहाज, जकात, वितरक असे टप्पे ओलांडून मुंबईला आणि तिथून पुढे कणकवली-मालवणला. एक्सबॉक्स ३६० हे गेम खेळायचं यंत्र अमेरिकेत नोव्हेंबर २००५मध्ये आलं, भारतात सप्टेंबर २००६मध्ये. पुढचा एक्सबॉक्स वनसुद्धा आपल्याकडे दहा महिन्यांनीच, सप्टेंबर २०१४मध्ये पोचला. मग २०२०मध्ये एक्सबॉक्स बनवणाऱ्या कंपनीने नवं यंत्र १० नोव्हेंबरला, अमेरिकेबरोबरच, भारतातही विकायला काढलं. समुद्र तेवढाच होता. बदललं होतं ते कंपनीने आपल्याला रांगेत दिलेलं स्थान.

उशीर केला म्हणून गेम यायचा थांबत नाही, तो आडवाटेने येतो. पोकेमॉन गो हा प्रत्यक्ष जागी फिरून खेळायचा मोबाइल गेम ६ जुलै २०१६ला अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आला. भारतात अधिकृतपणे यायला १३ डिसेंबर उजाडला. मधल्या पाच महिन्यांत आपल्याकडचे खेळाडू मिळेल तिथून त्याची प्रत उतरवून खेळत होते. हे किती सर्रास चाललं होतं, ते न्यायालयातच दिसलं. गेममधली अंडी देवळांच्या जागी दिसतात, त्याने भावना दुखावतात, अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयात झाली आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने गेमच्या कंपनीला नोटीस काढली. गेम भारतात यायला तेव्हा तीन महिने अवकाश होता! या आडवाटेवर धोकाही होता. जुलैमध्येच या गेमच्या एका बनावट प्रतीत ड्रॉइडजॅक नावाचा प्रोग्रॅम सापडला. तो फोनचा ताबा परक्याच्या हाती देतो. ज्या घरात एकाच फोनवर पोराचा गेम, आईचा बचत गट आणि बापाचे मासळीचे हिशेब असतात, त्या घराला हा धोका परवडणारा नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. सगळं जग एकाच दिवशी तुटून पडलं तर सर्व्हर कोलमडतात. पोकेमॉन गोचं तसंच झालं आणि पुढच्या देशांचं काम काही काळ थांबवावं लागलं. पण या कारणाने दिवस जातात, फार तर आठवडे. पाच महिने जात नाहीत. दुसरं कारण कायद्याचं. पबजी मोबाइल या गेमवर सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा त्याचा भारतीय अवतार २ जुलै २०२१ला आला, जुलै २०२२मध्ये हटवला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर थांबणं योग्यच. अशा उशिराबद्दल माझी तक्रार नाही. कारण न सांगता, तारीख न देता ग्राहकाला ताटकळत ठेवणं मला अमान्य आहे.

आणखी एक आक्षेप आपल्याच कोकण किनाऱ्यावरून येईल: तारीख जुळली तरी इथे गेम पोचतो का? प्रश्न रास्त आहे. याच बॅटलग्राउंड्सची पूर्वनोंदणी १८ मे २०२१ला सुरू झाली. दोनच दिवस आधी तौक्ते चक्रीवादळ मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला झोडपून गेलं होतं. विजेचे खांब आडवे झाले होते, मोबाइलला रेंज नव्हती, कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. पोकेमॉन गोही इथे नीट पोचत नाही. त्यातले थांबे, म्हणजे खेळातल्या वस्तू मिळतात त्या प्रत्यक्ष जागा, शहरांत दाट आणि खेड्यांत विरळ. भारतात रिलायन्सची दुकानंही थांबे झाली, म्हणजे दुकान नव्हतं तिथे तीही भर नव्हती. मग तारखेचा आग्रह कशाला? कारण मनोरे उभारायला, तारा जमिनीखाली घ्यायला पैसा आणि वर्षं लागतात. तारीख एक करायला मुख्यतः निर्णय लागतो. मोठं काम रेंगाळलं म्हणून छोटं अडवून ठेवण्यात शहाणपण नाही.

हा प्रश्न फक्त परदेशी कंपन्यांचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. प्राचीन भारतातल्या एका मुलीची ती गोष्ट. १८ ऑगस्ट २०२०ला तो आला, पण फक्त निन्टेन्डो स्विचवर, आणि ते यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलं जात नव्हतं. संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो १५ ऑक्टोबरला आला. तोवर पुण्यात घडलेला खेळ पुण्यातल्याच बहुतेकांच्या हाताबाहेर होता. छोट्या स्टुडिओला मोठ्या कंपनीचा आधार लागतो, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण उद्या आपल्या दशावतारावर किंवा सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेम बनवणाऱ्या मराठी मुलामुलींना माझी विनंती आहे: करारात एक कलम घालून घ्या, की भारतात सहज मिळणाऱ्या एका तरी साधनावर, निदान मोबाइलवर, गेम पहिल्याच दिवशी येईल. आणि पालकहो, तोपर्यंत अधिकृत दुकानात न आलेला गेम घरच्या फोनवर उतरवू देऊ नका.