नवी मोजणी, जुना बांध

(मिरज येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अध्यापक. बियाणे, खत, पाणी हे माझे विषय. तरीही आज मोजणीवर बोलण्याचे ठरवले, याला कारण आहे. ऊस चांगला की सोयाबीन चांगले, यावरून दोन भावांत भांडण झालेले मी पाहिले नाही. बांधावरून मात्र एका आईच्या पोटची माणसे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढताना आपण सगळेच पाहतो. मोजणीची पद्धत सध्या बदलत आहे. शंकू-साखळी आणि फलकयंत्राच्या जागी उपग्रहावर चालणारा रोव्हर बांधावर आला आहे. हा बदल चांगला आहे. पण तो नीट समजून घेतला नाही, तर मिटलेली भांडणे पुन्हा उभी राहतील. म्हणून मोजणीदाराने काय शिकावे आणि तुम्ही त्याला काय विचारावे, या दोन्ही गोष्टी आज पाहू.

साखळीचा हिशेब

आपल्याकडील शेतमोजणीची पद्धत १८३० च्या दशकात बसली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून तिची सुरुवात केली. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक. ज्या काळात जमिनीचा आकार ठरवण्यासाठी मोजणी होत होती, त्या काळाला हे माप पुरेसे होते.

साखळी वापरून झिजते आणि लांबते. ३३ फुटांची साखळी एक इंचाने लांबली, तर वीस साखळ्यांच्या अंतरात वीस इंचांची चूक होते. यात मोजणाऱ्याची लबाडी नसते, साधनाचीच ती मर्यादा आहे.

आता गावनकाशा पाहा. जुने गावनकाशे एक इंचास वीस साखळ्या, म्हणजे १ : ७,९२० या प्रमाणात काढलेले आहेत. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते! कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, ते वेगळेच. म्हणून गावनकाशा संगणकावर चढवून त्यावर उपग्रहाचे छायाचित्र ठेवले आणि रेघ शेजाऱ्याच्या उसात गेलेली दिसली, तर लगेच शेजाऱ्याने अतिक्रमण केले असे म्हणू नये. हद्दीचा निर्णय टिपण आणि फाळणी यांत लिहिलेल्या मापांवरून करावा. नकाशा हे त्या मापांचे चित्र आहे, माप नव्हे.

आणखी एक गोष्ट. बहुतेक जुने गावनकाशे अक्षांश-रेखांशाशी बांधलेले नव्हते. प्रत्येक गाव आपापल्या जागी मोजले गेले. म्हणून शिवेवर दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले, तर कुठे फट राहते, कुठे एकावर एक चढते. त्यात मिरज हे १९४८ पर्यंत पटवर्धनांचे संस्थान. पुढे एकत्रीकरण योजनेत अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुने कागद शोधताना हा इतिहास ध्यानात ठेवावा.

मूळ आधार म्हणजे काय?

उसाच्या सरीची आखणी करताना आपण एक बांध पक्का धरतो आणि तेथून अंतर मोजत जातो. दोघांनी दोन वेगवेगळ्या बांधांपासून सुरुवात केली, तर दोघांचीही मापे बरोबर असून सऱ्या जुळत नाहीत. देशाच्या मोजणीतही असा एक पक्का बांध धरावा लागतो. त्यालाच डेटम किंवा मूळ आधार म्हणतात.

आपल्या देशात हे काम १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुरू केले. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले. १८२३ च्या जानेवारीत हे काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम नेले. पृथ्वीचा जो आकार त्यांनी १८३० साली मांडला आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे जो मूळ बिंदू धरला, त्यावर भारताचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे राहिले. तो आकार भारतापुरता चांगला बसत होता, साऱ्या पृथ्वीला मात्र बसत नव्हता.

उपग्रह साऱ्या पृथ्वीभोवती फिरतात. त्यामुळे जीपीएससाठी जो आधार धरला, तो पृथ्वीच्या मध्याशी जुळवलेला आहे. त्याचे नाव डब्ल्यूजीएस ८४. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुले असणारे नकाशे या आधारावर काढण्याचे ठरवले. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश जुन्या आणि नव्या आधारावर वेगवेगळे येतात. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरहून अधिक भरतो. दगड तेथेच आहे, आकडे मात्र बदलले. आधाराचे नाव न लिहिता दिलेले अक्षांश-रेखांश हे "शेरभर धान्य" म्हणण्यासारखे आहे. कोणता शेर, हे कळल्याशिवाय हिशेब होत नाही.

जमीनही सरकते

ऐकून नवल वाटेल, पण आपला सारा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. तीस वर्षांत हे दीड मीटर होते. तुमचा बांध आणि शेजाऱ्याचा बांध बरोबरच सरकतात, म्हणून क्षेत्र कमी-जास्त होत नाही. पण साऱ्या पृथ्वीच्या चौकटीत पाहिले, तर आजचे आकडे आणि तीस वर्षांनंतरचे आकडे एक येणार नाहीत. म्हणून आकडे कोणत्या तारखेच्या स्थितीचे आहेत, हेही लिहावे लागते.

ऑस्ट्रेलियाला हा अनुभव आला आहे. तो भूखंड वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. १९९४ चा आधार बदलून त्यांनी २०२० चा आधार घेतला, तेव्हा देशभरचे आकडे सुमारे १.८ मीटरने बदलले. उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर जेथे आहेत, तेथे इतक्या फरकाने चाक उभ्या पिकावर जाते. अमेरिकेत दोन प्रकारचे फूट मोजणीत चालत होते. त्यांतला एक २०२२ च्या अखेरीस त्यांनी बंद केला. आपल्या मोजणीदारालाही नव्या यंत्राची बटणे शिकून भागणार नाही. आधार, तारीख आणि एकक या तिन्ही गोष्टी त्याला पक्क्या यायला हव्यात.

रोव्हर आणि कॉर्स

तुमच्या खिशातील मोबाईल जागा दाखवतो, पण तीन ते दहा मीटर इकडे-तिकडे. स्वतः करून पाहा. बांधाच्या दगडावर मोबाईल ठेवून सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आकडे लिहा. तिन्ही वेळा वेगळे येतील. आकडे अंश-मिनिट-सेकंदांत असतील आणि सेकंदाचा अपूर्णांक नसेल, तर एक सेकंद म्हणजेच सुमारे ३१ मीटर होतात.

मोजणीदाराच्या रोव्हरला मात्र मदतनीस असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कॉर्स केंद्रे उभारली आहेत. या केंद्रांची जागा अचूक माहीत असते. उपग्रहाच्या संदेशात त्या घडीला किती चूक आहे, हे केंद्राला कळते आणि ती दुरुस्ती मोबाईलच्या जाळ्यातून रोव्हरला मिळते. त्यामुळे काही सेंटिमीटरच्या आत माप येते. मात्र आंब्याच्या दाट झाडाखाली, उंच उसात किंवा पत्र्याच्या शेडला लागून संदेश अडतो वा परावर्तित होतो. अशा ठिकाणी मोकळ्या जागेवरून टेपने किंवा ईटीएस यंत्राने माप घ्यावे लागते.

पण सेंटिमीटरचे यंत्र आले म्हणून आण्याच्या मापाचा जुना अभिलेख सेंटिमीटरचा होत नाही. खरी अडचण येथेच आहे. रोव्हर फक्त "हा दगड कोठे आहे" एवढेच सांगतो. "हद्द कोठे आहे" हे टिपण, जुने दगड आणि वहिवाट पाहून माणसालाच ठरवावे लागते. म्हणून तयार मोजणीदार आधी जुन्या खुणा शोधतो. कमीत कमी तीन-चार जुन्या खुणांमधील अंतरे टिपणाशी पडताळतो, आणि त्या एकमेकींशी जुळल्यावरच नवे आकडे देतो. एकाच दगडावर विसंबून नकाशा फिरवणे ही घातक चूक आहे.

हातभर चुकीची किंमत किती? दोनशे मीटर लांबीचा बांध अर्धा मीटर सरकला, तर शंभर चौरस मीटर, म्हणजे एक आर, जवळजवळ गुंठाभर जमीन जाते. बागायती मळ्यात गुंठ्याचा भाव काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

उंचीचा प्रश्न

आपल्या भागात उंचीला जमिनीइतकेच महत्त्व आहे. कृष्णाकाठी क्षारपड जमिनी आहेत आणि महापूरही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हे फूट त्या पुलाजवळच्या पट्टीवरचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. ते आकडे तुमच्या शेताच्या उंचीशी थेट ताडून पाहू नयेत.

उपग्रह जी उंची देतो, ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. समुद्रसपाटी त्या आकाराशी जुळत नाही. आपल्या भागात ती साठ ते ऐंशी मीटरने खाली आहे. त्यामुळे यंत्राने दुरुस्ती न करता उंची दाखवली, तर ती नेहमीच्या उंचीपेक्षा तितकी कमी दिसते. शिवाय समुद्रसपाटीच्या उंचीचाही आधार बदलतो आहे. जुना आधार १९०९ चा, नवा २००९ चा. दोन आधारांवरच्या उंची एका आराखड्यात मिसळू नयेत.

कसबे डिग्रज येथील आपल्या कृषी संशोधन केंद्राचे नाव तुम्ही सोयाबीनच्या वाणांमुळे ओळखता. क्षारपड जमिनीचा निचरा हाही या भागाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. सच्छिद्र पाइपला शंभर मीटरला वीस सेंटिमीटर उतार द्यायचा असेल, तर तीन-पाच सेंटिमीटरची चूकही जड जाते. कुठे उलटा उतार पडला, तर तेथे गाळ बसतो आणि सगळा खर्च वाया जातो. रोव्हरची उंची आडव्या मापाइतकी अचूक नसते. म्हणून निचऱ्याच्या चरासाठी डंपी लेव्हल किंवा लेसर लेव्हलनेच उतार पाहावा.

तुम्ही काय करावे?

१) मोजणीचा अर्ज करण्यापूर्वी सातबारा, टिपण, फाळणी नकाशा आणि पूर्वीच्या मोजणीची 'क' प्रत यांच्या नकला काढून ठेवाव्यात.

२) हद्दीचे दगड नांगरटीत उपटू नयेत. दगड दिसत असेल, तर त्याला चुना लावून ठेवावा. जुना दगड हा नव्या यंत्राचाही आधार आहे.

३) मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांसह स्वतः हजर राहावे. कोणत्या जुन्या खुणा धरल्या आणि त्या टिपणाशी किती जुळल्या, हे मोजणीदाराला नम्रपणे विचारावे.

४) ई-मोजणीच्या नव्या पद्धतीत नकाशावर अक्षांश-रेखांश येतात. त्यांबरोबर आधाराचे नाव, तारीख आणि एकक लिहिले आहे का, हे पाहावे. आकडे यूटीएम पद्धतीचे असतील, तर विभाग पाहावा. सांगली-सातारा भाग ४३ मध्ये येतो, नागपूरकडील भाग ४४ मध्ये.

५) प्रत्येक कोपऱ्याच्या दगडाचे विहिरीच्या काठापासून वा पक्क्या बांधकामापासूनचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. आधार कितीही वेळा बदलला, तरी दोन दगडांमधील अंतर बदलत नाही.

६) मोबाईलच्या आकड्यांवरून बांध फोडू नये वा तारेचे कुंपण हलवू नये.

७) मोजणी मान्य नसेल, तर निमताना मोजणी मागावी. कुऱ्हाड-काठी हा मार्ग नव्हे.

तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा अभ्यासक्रम करत असेल, तर त्यांना एवढे जरूर सांगा की यंत्र शिका, पण टिपण वाचायलाही शिका. पुढच्या काळात ज्याला दोन्ही येते, अशा मोजणीदाराची गावाला गरज लागणार आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, देशाचा मूळ आधार पुढेही बदलेल. ते शास्त्राच्या प्रगतीचे लक्षण आहे. पण आकडे बदलले म्हणजे बांध बदलला, असे कोणी सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधी दगड शोधा, मग टिपण काढा आणि शेजाऱ्याला चहाला बोलावून दोघे मिळून वाचा.