गादी घ्यायची? आधी पलंग तपासा



गटाच्या बैठकीत शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागतात, तसं आता गादीसाठीही मागतात. त्यात गैर काही नाही. दिवसभर खुरपणी करून पाठ टेकायची तर जागा धड हवीच. पण दारात टेम्पो उभा राहतो, "ताई, हप्त्यानं घ्या, दहा वर्षं बघायला नको," म्हणतो, आणि हप्ते फिटायच्या आत गादीला मध्ये खड्डा पडतो. तोवर टेम्पोवाला कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून आज गादी कशी पारखायची ते बघू.

पहिली गोष्ट, घरातल्या गादीला खड्डा पडला असेल तर लगेच नवी घेऊ नका. ती गादी उचलून सपाट फरशीवर टाका आणि त्यावर झोपून बघा. खड्डा तिथंही लागला, तर गादी गेली. फरशीवर गादी नीट वाटली, तर दोष पलंगाचा आहे. त्या पलंगावर नवी गादी टाकली तरी तीही तशीच बसणार.

पलंग तपासायला एक दोरी पुरे. गादी काढा, दोरी उशापासून पायथ्यापर्यंत ताणून धरा. मध्ये दोरी आणि फळी यांच्यात बोटभर फट दिसली, की समजा पलंग वाकलाय. लोखंडी पलंगाला पट्ट्या असतील, तर दोन पट्ट्यांमधलं अंतर चार बोटांपेक्षा जास्त नको, नाहीतर गादी त्या फटीत उतरते. अशा वेळी वर प्लायवूड टाकून घ्या. दोघांचा रुंद पलंग असेल तर मधोमध खाली एक पाय हवाच. सुताराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून तो बसवून घेणं नव्या गादीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

पेटीचा पलंग असेल तर फळीला बोट जाईल एवढी भोकं पाडून घ्या. घाम आणि पावसाळ्यातली ओल खालून बाहेर पडली नाही, तर गादीला बुरशी येते, कुबट वास येतो. जमिनीवर अंथरत असाल तर खाली चटई घाला आणि सकाळी गादी उचलाच. बाजेवर मात्र जाड फोमची किंवा काथ्याची गादी टाकू नका. बाज झोळीसारखी वाकते, तिला पातळ कापसाची गादी किंवा गोधडीच बरी. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून घ्या.

आता गादीकडे येऊ. कापसाच्या गादीचा मोठा गुण म्हणजे ती दुरुस्त होते. गोळे झाले की पिंजाऱ्याकडून तोच कापूस पिंजून घ्यायचा, थोडा नवा घालायचा, खोळ बदलायची. गादी भरताना समोर उभ्या राहा. कापसाची एक वात घराबाहेर पेटवून बघा. खरा कापूस कागदासारखा जळतो आणि राख होते. वितळून कडक गोळी झाली, तर त्यात कृत्रिम धागा आहे.

काथ्याची गादी टणक असते, हवा खेळती राहते, उन्हाळ्यात गरम होत नाही. पण तिची घडी घालता येत नाही, आतला काथ्या मोडतो. एका खोलीचं घर असेल आणि रोज अंथरूण गुंडाळून ठेवायचं असेल, तर ही घेऊ नका.

सगळ्यात जास्त फसवणूक फोममध्ये होते. दुकानदार सांगतो, "बत्तीस डेन्सिटी आहे." याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो. आपल्याला घनमीटर मोजायची गरज नाही. 6 फूट लांब, 3 फूट रुंद, 4 इंच जाड असा 32 डेन्सिटीचा फोम साधारण साडेपाच किलो भरतो, वर खोळीचं वजन वेगळं. काट्यावर टाका. तीन-साडेतीन किलोच भरला, तर तो हलका फोम आहे, लवकर दबणार. आणि हाताला कडक लागला म्हणजे फोम चांगला, असं नसतं.

चेन असलेली खोळच घ्या आणि ती उघडून दाखवायला सांगा. कडेला फोम आणि मध्ये थर्माकोलसारखी पांढरी शीट, अशा गाद्या येतात. ती शीट एकदा दबली की वर येत नाही. गुडघा टेकवून दाब द्या, काढा, लगेच वर येते का बघा. उघडून दाखवत नसेल, तर घेऊ नका.

पैशाचंही बघा. समजा गटातून 6000 रुपये घेतले, महिन्याला शेकडा 2 रुपये व्याज, आणि दरमहा 500 मुद्दल फेडलं. मुद्दल कमी होईल तसं व्याज उतरतं, वर्षाचं एकूण व्याज 780 रुपये होतं. टेम्पोवाल्याचे सगळे हप्ते जोडा, त्यातून त्याच गादीची रोखीची किंमत वजा करा. मग कळेल कुठलं कर्ज स्वस्त ते. बिल घ्याच, वॉरंटीच्या कागदावर तारीख आणि शिक्का घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. वॉरंटीच्या अटीही वाचून घ्या. पलंग सपाट नसेल तर भरपाई नाही, असं बरेचदा त्यात असतं.

गादी आणल्यावर पंधरा दिवसांनी उशाकडची बाजू पायथ्याला करा. कापसाच्या गादीला ऊन दाखवा. फोम मात्र कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका, तो पिवळा पडून भुगा होतो.

शेवटचं, मैत्रिणींनो. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपल्या मजुरीतून, आणि नव्या गादीवर झोपतात घरातले बाकीचे. आपण चुलीपाशी जुन्या वाकळेवर. पाहुण्यांसाठी म्हणून गुंडाळून ठेवलेली गादीही मी बघितलीय. सासूबाईंना, आजारी माणसाला आधी द्या, हे बरोबरच. पण घरात कोण कुठं झोपतं, हा हिशोब एकदा मांडा, आणि त्यात स्वतःची पाठ मोजा.

पुढच्या बैठकीत गादीसाठी कर्ज मागणारी कुणी असेल, तर तिच्यासोबत दोघी जा. पलंगासाठी एक दोरी आणि फोमसाठी वजनकाटा, एवढं जवळ ठेवा.