वर थांबा



शाळेत असताना यवतेश्वरच्या घाटात सायकल हातात धरून चढणारा मी एकटाच. तुम्ही वर थांबून हसायचात.

मागच्या वर्षी माझी बायपास झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा त्याच घाटात गेलो. गिअरची सायकल, तरी दोनदा उतरलो. या वेळी लाज वाटली नाही.

सातारा ते कास साधारण 25 किलोमीटर. सप्टेंबरात फुलांसाठी गाड्यांची रांग लागते. डिसेंबरात आडवारी सकाळी निघालं, की रस्ता आपलाच. ज्याचं पाणी साताऱ्याने वर्षानुवर्षं प्यायलं, तो कास तलाव मागे टाकला की बामणोलीचा उतार थेट कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत नेतो. निघण्यापूर्वी ब्रेक तपासा. परतताना तोच उतार चढायचा आहे, म्हणून निम्मा दम आणि पाण्याची एक बाटली राखून ठेवा.

माझ्या बाकावरचा सोबती दर वेळी म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." आज तो आपल्यात नाही. म्हणून तारीख आजच ठरवू. वर पोहोचलात की खुशाल हसा, पण माझ्यासाठी थांबा.